बंदरात अडलेले चॉकलेट आणि संसदेपुढे न आलेला नियम

न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मे महिन्यात विदेशी चॉकलेटचा कंटेनर उभा राहिला, की आयातदारापुढे दोन घड्याळे एकाच वेळी चालू होतात. पहिले घड्याळ कायद्याचे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या ४७ व्या कलमानुसार आयात अन्नपदार्थाचा नमुना प्रयोगशाळेत गेल्यावर अन्न विश्लेषकाने पाच दिवसांत अहवाल द्यायचा असतो. दुसरे घड्याळ निसर्गाचे. कोकोतील चरबी साधारण ३४ अंश सेल्सियसला वितळते, आणि मे महिन्यातील बंदराच्या उघड्या आवारात तेवढी उष्णता भर दुपारची वाट पाहत नाही. शीतकंटेनरची वीज, गोदामाचे भाडे, विलंबशुल्क यांचे मीटर त्याच वेळी फिरत असते. तापमानाची चढउतार झाली, की चरबी वर येऊन चॉकलेटवर पांढुरकी साय धरते. असे चॉकलेट खाण्यास अपायकारक नसते. पण दुकानदार ते घेत नाही आणि ग्राहक ते बुरशीचे समजतो.

या अवस्थेत अडून पडलेल्या मालाविषयीचा वाद नेहमीच जंतूंचा, विषारी धातूंचा वा भेसळीचा असतो असे नाही. पुष्कळदा तो वेष्टनाचा असतो. घटकांची यादी जर्मन वा फ्रेंच भाषेत आहे, शाकाहाराचा हिरवा ठिपका नाही, आयातदाराचा परवाना क्रमांक छापलेला नाही, अशा कारणांवर टनावारी माल थांबतो. चॉकलेट ही जीवनावश्यक वस्तू नाही, आणि स्विस चॉकलेट दुकानात उशिरा पोहोचले म्हणून राष्ट्राचे काही बिघडत नाही. तरीही राजधानीत धोरण कसे आखले जाते आणि नियम कोण करतो, हे समजून घ्यायला या गोड वस्तूइतके सोयीचे उदाहरण विरळा. अर्थ, वाणिज्य, आरोग्य आणि ग्राहक व्यवहार अशा चार मंत्रालयांच्या हद्दी एका वेष्टनावर येऊन मिळतात. या चौघांच्या वर असलेली संसद मात्र त्या वेष्टनाकडे क्वचितच पाहते.

भिंत पडली, कुंपण आले

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत हा प्रश्नच उद्भवत नव्हता. परकीय चलनाच्या टंचाईचे कारण देऊन भारताने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंध ठेवले होते, आणि गॅट कराराने विकसनशील देशांना तशी मुभाही दिली होती. अमेरिकेने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. ऑगस्ट १९९९ मध्ये संघटनेच्या अपील मंडळाने भारताविरुद्ध कौल दिला. त्यानंतर १ एप्रिल २००० रोजी ७१४ आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध उठले. मुरासोली मारन तेव्हा वाणिज्यमंत्री होते. स्वस्त विदेशी मालाच्या पुरात देशी उद्योग वाहून जाईल, अशी भीती संसदेत आणि बाहेर सर्वपक्षीय स्वरात व्यक्त झाली. सरकारने ३०० संवेदनशील वस्तूंच्या आयातीवर देखरेख ठेवण्याची व्यवस्था उभी केली.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नोव्हेंबर २००० मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून आयात आवेष्टित मालाला देशी मालाप्रमाणेच वेष्टनाचे नियम लागू केले. कमाल किरकोळ किंमत, आयातदाराचे नाव व पत्ता, आयातीचा महिना हे सारे वेष्टनावर असणे बंधनकारक झाले. पुढच्या वर्षी खाद्यपदार्थांसाठी आणखी अट आली: देशात उतरताना पदार्थाच्या टिकाऊपणाचा ६० टक्के काळ शिल्लक असला पाहिजे. यांपैकी एकही अट गैर म्हणता येणार नाही. मुदत संपत आलेला माल विकसनशील देशात आणून ओतण्याची प्रथा काल्पनिक नव्हती, आणि देशी उत्पादकाला लागू असलेला नियम परदेशी उत्पादकाला माफ असावा, हेही न्यायाचे नाही. पण कालक्रम बोलका आहे. परवान्याची भिंत जिथे पाडली, तिथेच मानकांचे कुंपण घालायला प्रारंभ झाला. भिंत सर्वांना दिसत होती आणि तिच्यावर संसदेत चर्चा होत होती. कुंपणाच्या तारा अधिसूचनांच्या होत्या, आणि त्या एकेक करून ओढल्या गेल्या.

शुल्काची बाजू त्या मानाने उघड आहे. कोकोयुक्त चॉकलेट सीमाशुल्क तालिकेच्या १८०६ या शीर्षाखाली येते आणि त्यावर मूळ सीमाशुल्क ३० टक्के आहे. शंभर रुपयांच्या मालावर ३० रुपये शुल्क, त्या शुल्काच्या दहा टक्के म्हणजे ३ रुपये समाजकल्याण अधिभार, आणि या १३३ रुपयांवर एकात्मिक वस्तू व सेवा कर. जुलै २०१७ मध्ये हा कर २८ टक्के होता, त्याच वर्षी नोव्हेंबरात तो १८ टक्क्यांवर आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. परिणामी शंभराचा जो माल १८ टक्क्यांच्या काळात सुमारे १५७ रुपयांना पडत असे, तो आता १४० रुपयांच्या आत पडतो. हे आकडे कोणीही मांडू शकतो, आणि अर्थसंकल्पाच्या निमित्ताने त्यांची वर्षातून एकदा तरी चर्चा होते. बंदरात गेलेल्या वीस दिवसांची किंमत मात्र कोणत्याही तालिकेत छापलेली नसते.

दोन कायद्यांच्या दृष्टीत एकच वस्तू एक असेलच, याचीही खात्री नाही. पांढरे चॉकलेट कोकोच्या चरबीपासून होते, त्यात कोकोची भुकटी नसते. म्हणून सीमाशुल्क तालिका त्याला चॉकलेट मानत नाही. ते १७०४ या शीर्षाखाली साखरेच्या मिठाईत मोडते. अन्नसुरक्षेच्या मानकांत मात्र पांढरे चॉकलेट हा चॉकलेटचाच एक प्रकार आहे. एकाच खोक्याला एका खिडकीवर मिठाई आणि शेजारच्या खिडकीवर चॉकलेट म्हणून उभे राहावे लागते. सीमाशुल्क खात्याने १ एप्रिल २०१६ पासून सुरू केलेल्या एकखिडकी संगणक व्यवस्थेमुळे अर्ज एकाच ठिकाणी भरता येऊ लागला, हे खरे. पण खिडकी एक झाली तरी तिच्यामागचे कायदे निरनिराळेच राहिले.

कोकणातले तेल, युरोपातली वडी

मानक म्हणजे शास्त्र, आणि शास्त्रात मतभेद नसतात, असा समज सर्वसाधारण वाचकाचा असतो. चॉकलेटचा इतिहास त्या समजाला धक्का देणारा आहे. चॉकलेटमध्ये कोकोच्या चरबीखेरीज दुसरी वनस्पतिजन्य चरबी असावी की नसावी, यावर युरोपातच जवळपास तीस वर्षे वाद चालला. ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क यांच्याकडे अशी चरबी घालण्याची परंपरा होती. फ्रान्स व बेल्जियमला ती चॉकलेटची विटंबना वाटे. अखेर २००० साली युरोपीय संघाने एक निर्देश काढून ५ टक्क्यांपर्यंत अशी चरबी घालण्यास अनुमती दिली. इटली व स्पेन या देशांनी अशा मालाला ‘चॉकलेटचा पर्याय’ म्हणण्याची सक्ती चालवली होती. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये ती बेकायदा ठरवली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकातही ५ टक्क्यांची तरतूद आली.

भारतात अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या काळापासून चॉकलेटात कोकोखेरीज अन्य वनस्पतिजन्य चरबीला बंदी होती, आणि २०११ च्या नियमांत ती तशीच उतरली. त्यामुळे युरोपात कायदेशीर असलेली वडी भारतात निकृष्ट ठरू लागली. तिने कोणाच्या प्रकृतीला अपाय होतो, असे कोणीही म्हणत नव्हते. प्रश्न व्याख्येचा होता, आणि व्याख्येसाठी माल परत जात होता.

युरोपीय निर्देशाच्या परिशिष्टात मात्र भारतीय वाचकाने थांबून पाहावे अशी यादी आहे. चॉकलेटात चालणाऱ्या सहा वनस्पतिजन्य चरबींची नावे तीत दिली आहेत. पाम तेल, शिया आणि बोर्निओतील इलिपे यांच्याबरोबर तीत साल वृक्षाच्या बियांची, आंब्याच्या कोयीतील आणि कोकमाच्या बियांची चरबी आहे. कोकमाचे तेल म्हणजे कोकणात आणि गोव्यात हिवाळ्यात टाचांच्या भेगांवर चोळले जाणारे तेच तेल. सालबिया छत्तीसगड, ओडिशा, झारखंडच्या जंगलांत आदिवासी स्त्रिया उन्हाळ्यात वेचतात. केंद्र सरकारने २०१३-१४ साली गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली, तेव्हा पहिल्या यादीत सालबियांचा समावेश होता. म्हणजे एका मंत्रालयाने ज्या बियांना आधारभूत किंमत द्यायची, त्यांच्या चरबीला युरोपातील चॉकलेटात मान असायचा, आणि भारतात आलेल्या चॉकलेटात तीच चरबी आढळली तर दुसऱ्या मंत्रालयाने माल अडवायचा, असा हा व्यवहार होता. पुढे प्राधिकरणाने मानक बदलून ५ टक्क्यांची मुभा दिली. दुरुस्ती योग्यच झाली. पण एवढी विसंगती इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आली नाही, याचा अर्थ या नियमांकडे एकत्रितपणे पाहणारी नजरच व्यवस्थेत नव्हती.

सूचनेचे राज्य

कायदा, नियम आणि सूचना या तीन गोष्टींतील भेद राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवला जातो, आणि प्रशासनात तो सर्वांत लवकर विसरला जातो. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा याबाबत निःसंदिग्ध आहे. कलम ९२ नुसार प्राधिकरणाने विनियम करताना मसुदा आधी प्रसिद्ध करावा, केंद्र सरकारची पूर्वमान्यता घ्यावी. कलम ९३ नुसार असा प्रत्येक विनियम दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवसांसाठी ठेवावा. सभागृहांना तो बदलण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार आहे. ही वाट लांबची आहे. सूचनापत्राची वाट जवळची. संकेतस्थळावर एक पत्रक टाकले, की दुसऱ्या दिवशी बंदरातला अधिकारी त्यावर बोट ठेवू शकतो.

११ मे २०१३ रोजी प्राधिकरणाने याच जवळच्या वाटेने उत्पादन-मंजुरीची पद्धत जारी केली. ज्या पदार्थांचे मानक ठरलेले नाही, ते बाजारात आणण्यापूर्वी मंजुरी घ्यावी, असे तिचे स्वरूप होते. हेतू समर्थनीय म्हणता येईल. नवे घटक, नवी पूरके यांची आधी छाननी व्हावी, ही अपेक्षा ग्राहकाचीही असते. परंतु ३० जून २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या सूचनेला कायद्याचे बळ नसल्याचा निर्णय दिला. प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ ऑगस्ट २०१५ रोजी तेथेही त्याला नकार मिळाला आणि आठवडाभरात, २६ ऑगस्टला, ती पद्धत गुंडाळण्यात आली. या सव्वादोन वर्षांत किती अर्ज पडून राहिले आणि किती माल आलाच नाही, हे सांगणारा हिशेब संसदेपुढे मांडला गेला असता, तर पुढच्या चुका टळण्याची शक्यता होती.

त्या निर्णयाचा धडा तरी घेतला गेला का? भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीचे लेखापरीक्षण केले आणि तो अहवाल डिसेंबर २०१७ मध्ये संसदेत सादर झाला. विनियम विधिवत पूर्ण होण्यापूर्वीच निर्देशांद्वारे ते अमलात आणण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतरही चालू असल्याचे त्यात नोंदवले गेले. याच अहवालात राज्यांच्या ७२ अन्नचाचणी प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांना राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता नसल्याचेही म्हटले होते. कुंपण घालण्याचा उत्साह दांडगा, पण ज्या प्रयोगशाळेच्या जोरावर कुंपणाचे दार उघडायचे वा बंद करायचे, तीच कच्ची, असे ते चित्र होते.

निष्पक्षपणे पाहता मार्च २०१७ मध्ये अधिसूचित झालेल्या अन्न आयात विनियमांनी बरीच सुधारणा केली, हे नोंदवले पाहिजे. बंधित गोदामात चिकटपट्टीने दुरुस्त करता येणारे दोष कोणते, याची यादी त्यात आली. आयातदाराचे नाव व पत्ता, प्राधिकरणाचे चिन्ह व परवाना क्रमांक, शाकाहार-मांसाहाराची खूण अशा बाबी आता तेथेच पूर्ण करता येतात. घटकांची यादी, उत्पादनाची तारीख, तुकडी क्रमांक या गोष्टींवर मात्र चिकटपट्टी चालत नाही. आणि ते योग्यही आहे, कारण फसवणूक होते ती तिथेच. टिकाऊपणाच्या अटीतही ६० टक्के किंवा मुदत संपण्यास तीन महिने, यांपैकी जे कमी असेल ते, अशी सवलत देण्यात आली. वर्षभर टिकणाऱ्या चॉकलेटला पूर्वी सात महिन्यांहून अधिक काळ शिल्लक असावा लागे. युरोपातून समुद्रमार्गे माल यायलाच महिना-सव्वा महिना लागतो, हे ध्यानात घेतले, की या बदलाचे मोल कळते. ही सुधारणा विधिवत विनियमाने झाली, मसुदा प्रसिद्ध करून झाली, आणि म्हणूनच ती टिकली. सूचनेने झालेले काम न्यायालयात वाहून गेले.

अधिकाऱ्याचे गणित

या साऱ्यात बंदरावरच्या अधिकाऱ्याला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. त्याच्यापुढील गणित वेगळे असते. माल सोडला आणि उद्या त्यात काही निघाले, तर दक्षता विभागाची चौकशी त्याच्या दारात उभी राहते. माल अडवला आणि तो वितळून गेला, तर त्याला कोणीही जाब विचारत नाही. उलट दक्ष अधिकारी म्हणून नाव होते. बढतीच्या फाइलीत अडवलेल्या मालाची नोंद राहते, वेळेत सोडलेल्या मालाची राहत नाही. नियम संदिग्ध असेल, तर शहाणा अधिकारी सहीपूर्वी वरिष्ठांचे मत मागवतो, वरिष्ठ ते दिल्लीत कोटला मार्गावरील मुख्यालयाकडे पाठवतात, आणि कंटेनरची वीज चालूच राहते. ही भीती व्यक्तीच्या स्वभावातून येत नाही, रचनेतून येते. तिच्यावरचा उपाय म्हणजे स्पष्ट, छापील, सभागृहापुढे ठेवलेला नियम. कारण त्याच्या आधारे केलेली सही अधिकाऱ्याला वाचवते.

दुसऱ्या बाजूला हेही ध्यानात ठेवायला हवे, की आयातदार असतो म्हणून तो सज्जनच असतो असे नाही, आणि परदेशी असते म्हणून ती वस्तू निर्मळच असते असे तर मुळीच नाही. एप्रिल २०२२ मध्ये बेल्जियममधील आर्लों येथील एका प्रख्यात कारखान्यातील चॉकलेटमधून साल्मोनेला जंतूंचा प्रसार झाला. युरोपातील दीडशेहून अधिक लोक, बहुतांश लहान मुले, आजारी पडल्याचे निष्पन्न झाले. तो माल शंभराहून अधिक देशांत पोहोचला होता आणि मोठ्या प्रमाणावर परत मागवावा लागला. युरोपीय संघाने चॉकलेटमधील कॅडमियमवर २०१९ पासून मर्यादा घातली, ती उगाच नव्हे. कोकोच्या झाडाची मुळे मातीतील हा धातू शोषून घेतात. घरचा अनुभवही विसरता येणार नाही. २००३ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला देशात तयार झालेल्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या होत्या आणि त्यावरून मोठे वादळ उठले होते. चॉकलेट मुख्यतः मुले खातात. त्यामुळे तपासणी सैल करा, असे म्हणणाऱ्याने आधी या उदाहरणांचे उत्तर दिले पाहिजे.

प्रश्न असा, की तपासणीचा जोर कशावर आहे. ठिपका नसल्याने अडलेला कंटेनर आणि साल्मोनेलाच्या शक्यतेने अडलेला कंटेनर एकाच रांगेत उभे केले, तर दुसऱ्याकडे द्यायला वेळ आणि माणूस उरत नाही. शिवाय या रांगेला एक वळसाही आहे. परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाच्या बॅगेतील तेच चॉकलेट सामानाच्या शुल्कमुक्त मर्यादेत हिरव्या मार्गिकेतून बाहेर येते; २०१६ च्या नियमांनी ही मर्यादा ५० हजार रुपये ठरवली होती. घरच्या मुलांसाठी आणलेल्या खाऊबद्दल कोणाची तक्रार नाही. पण असाच माल खेपेखेपेने येऊन दुकानाच्या फळीवर बसतो, तेव्हा त्याच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव नसते, परवाना क्रमांक नसतो, आणि काही बिघडले तर दाद मागायला माणूसही नसतो. कायदेशीर वाट जितकी खडतर, तितका हा वळसा फायद्याचा. अशा वेळी कठोर नियमाचा भार कायदा पाळणाऱ्यावर पडतो आणि ग्राहकाची सुरक्षितता जिथल्या तिथे राहते.

तात्पुरत्याची अकरा वर्षे

या व्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण चीनचे आहे. २००८ मध्ये तेथील दुधात मेलामाइन हे रसायन मिसळल्याचे उघड झाले. सहा बालकांचा मृत्यू झाला आणि सुमारे तीन लाख मुले बाधित झाली. भारताने २४ सप्टेंबर २००८ रोजी चिनी दूध व दुग्धजन्य पदार्थांच्या आयातीवर तीन महिन्यांची बंदी घातली. १ डिसेंबरला तिची व्याप्ती वाढवून दुधाचा अंश असलेली चॉकलेटे व मिठाईही तीत आणली. निर्णय तत्पर होता आणि त्या क्षणी पूर्णतः समर्थनीय होता. त्यानंतर मुदत संपत आली, की नवी अधिसूचना निघत राहिली. एप्रिल २०१९ मध्ये बंदीची तारीखच काढून टाकण्यात आली. सर्व प्रवेश-बंदरांवरील प्रयोगशाळा मेलामाइन तपासण्याइतक्या सक्षम होईपर्यंत ती चालू राहील, असे ठरले.

या वाक्याचा अर्थ नीट वाचला पाहिजे. संकट आले तेव्हा तपासणीची सोय नव्हती, म्हणून बंदी घातली. हे समजण्यासारखे आहे. अकरा वर्षांनीही सोय नव्हती, म्हणून बंदी बेमुदत झाली. या काळात केंद्रात दोन वेगवेगळ्या आघाड्यांची सरकारे येऊन गेली, तेव्हा दोष एका पक्षाच्या पदरात टाकता येत नाही. चीनबद्दल कोणाला पुळका येण्याचे कारण नाही. परंतु बंदी ही चाचणीची जागा घेऊ शकत नाही. जो देश मेलामाइन तपासू शकत नाही, तो ते चीनखेरीज अन्य देशातून आलेल्या मालातही तपासू शकत नाही.

व्यापार कायद्याच्या दृष्टीनेही हे धोक्याचे आहे. जागतिक व्यापार संघटनेचा आरोग्य व वनस्पती-आरोग्यविषयक करार प्रत्येक निर्बंधामागे शास्त्रीय आधार आणि जोखमीचे मूल्यांकन मागतो. बर्ड फ्लूचे कारण देऊन अमेरिकी कोंबडीवर घातलेल्या निर्बंधांच्या खटल्यात जून २०१५ मध्ये भारत याच मुद्द्यावर हरला. उलट बाजूचा अनुभवही ताजा आहे. २०१० साली युरोपने द्राक्षांतील क्लोरमेक्वाटच्या अंशाचे कारण पुढे केले, तेव्हा नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांचे कंबरडे मोडले. १ मे २०१४ पासून हापूससह भारतीय आंब्याला युरोपचे दार बंद झाले, ते उघडायला जानेवारी २०१५ उजाडला. रॉटरडॅमच्या बंदरात आपल्या मालाचा न्याय शास्त्राच्या आधारे व्हावा, अशी मागणी करणाऱ्याने न्हावा-शेव्यात तोच न्याय दुसऱ्याला द्यावा लागतो.

शुल्क उतरते आहे, आता काय

हा विषय आजच का महत्त्वाचा, याचे उत्तर व्यापार करारांत आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिकटेनस्टाइन या एफ्टा गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी करार केला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तो अमलात आला. स्विस चॉकलेटवरील शुल्क त्यानुसार टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. त्यातही चॉकलेट व बिस्किटांचा समावेश आहे. युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी झाली. येत्या दशकात ३० टक्क्यांची ती उघड भिंत अनेक देशांपुरती खाली येईल. तेव्हा संरक्षणाची मागणी करणारा देशी उत्पादक कोणाचे दार ठोठावेल? शुल्क हातचे गेले, की मानक हेच हत्यार उरते. २०००-०१ मध्ये जे घडले, तेच मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडण्याची ही पूर्वचिन्हे आहेत.

देशी उद्योगाला संरक्षण देणे हा काही गुन्हा नव्हे. ते द्यायचे असेल, तर शुल्काच्या रूपाने, अर्थसंकल्पात, सर्वांच्या देखत द्यावे, म्हणजे त्याची किंमत कोण मोजतो हे कळते. अन्नसुरक्षेच्या नावाखाली दिलेले संरक्षण दुहेरी नुकसान करते. व्यापार अडतो आणि सुरक्षेवरचा विश्वासही उडतो. खरा धोका समोर येतो तेव्हा ‘हेही एक निमित्तच’ असे जगाला वाटू लागते.

आपल्या राज्यघटनेनुसार आंतरराष्ट्रीय करार करण्यासाठी सरकारला संसदेची पूर्वसंमती लागत नाही. म्हणूनच कराराच्या अंमलबजावणीवरची देखरेख अधिक महत्त्वाची ठरते. सभागृहाच्या पटलावर ठेवलेल्या कागदपत्रांच्या यादीत अन्नमानकांचे विनियम येतात आणि दुसऱ्या मिनिटाला पुढचा विषय पुकारला जातो. तीस दिवसांच्या मुदतीत त्यांतील एखाद्यावर दुरुस्ती सुचवली गेल्याचे क्वचितच आढळते. दुय्यम विधिविधानाच्या समित्या दोन्ही सभागृहांना आहेत. आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१८ मध्ये प्राधिकरणाच्या कारभारावर स्वतंत्र अहवालही दिला. साधने उपलब्ध आहेत. त्यांचा नियमित वापर होत नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. बंदरावरच्या तपासणीत आरोग्याला धोका असलेले दोष आणि छपाईचे दोष यांच्या रांगा वेगळ्या कराव्यात, आणि नाशवंत मालासाठी कलम ४७ मधील पाच दिवसांची मर्यादा कागदावर न राहता पाळली जावी. नाकारलेल्या आयातीची माहिती देणारे संकेतस्थळ प्राधिकरणाने सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू केले आहे. त्याच्या आधारे कोणत्या कारणासाठी किती माल नाकारला याचा वार्षिक गोषवारा संसदेपुढे ठेवावा. त्यातून जंतू किती आणि ठिपके किती, हे देशाला कळेल. निर्देशाने अमलात आलेला नियम ठराविक महिन्यांत विधिवत विनियम झाला नाही, तर तो आपोआप रद्द व्हावा. आणि ‘प्रयोगशाळा सक्षम होईपर्यंत’ असे लिहिणाऱ्या प्रत्येक अधिसूचनेत त्या सक्षम कधी होणार, याची तारीखही असावी.

१९५४ साली संसदेने अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा केला, तेव्हा प्रश्न दुधातल्या पाण्याचा आणि हळदीतल्या रंगाचा होता. २००६ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, ती अन्नाचा व्यवहार शास्त्राच्या पायावर उभा राहावा म्हणून. आर्लोंच्या कारखान्यातून निघालेली एखादी वडी उद्या भारतातल्या मुलाच्या हाती पडायची असेल, तर तिला बंदरातच रोखणारा अधिकारी, त्याला पाच दिवसांत उत्तर देणारी प्रयोगशाळा आणि त्या दोघांच्या पाठीशी उभा राहणारा, सभागृहापुढे आलेला नियम, या तिन्ही गोष्टी जागेवर हव्यात. हिरव्या ठिपक्याची चौकशी करण्यात त्या दिवशी जो कर्मचारी गुंतलेला असेल, तो त्या मुलाच्या उपयोगाचा नाही.